उसना देखावा

बागेत शिरलेल्या माणसाच्या गळ्यात कॅमेरा असला की त्याची चाल बदलते. इतर मंडळी फिरावयास आलेली असतात. हा गृहस्थ मात्र चार पावले टाकतो आणि थबकतो, एक पाऊल मागे येतो, गुडघ्यावर बसतो, पुन्हा उठतो. पाहणाऱ्यांना त्याची गंमत वाटते. आम्हांला हा नाद सेमिनरीत असताना जडला. त्या काळी छत्तीस चित्रांचे रीळ महिना-दोन महिने पुरवावे लागे. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी दहा वेळा पाहण्याची सवय लागली. आता रीळ गेले, हवी तितकी चित्रे काढता येतात. परंतु ती जुनी सवय आम्ही जाणूनबुजून सोडलेली नाही.

मध्यंतरी काही कामानिमित्त पुण्यास जाणे झाले. आमचे शिक्षण त्याच शहरात झाले असले, तरी सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान त्या वेळी नव्हते. ते 2006 साली खुले झाले. पुणे आणि जपानमधील ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीचे हे प्रतीक. सुमारे दहा एकरांच्या या बागेची प्रेरणा ओकायामाच्या तीनशे वर्षांच्या जुन्या 'कोराकुएन' उद्यानापासून घेतलेली आहे. 'पूर्वरंग' या प्रवासवर्णनातून मराठी वाचकाला जपानची ओळख करून देणाऱ्या लेखकाचे नाव या बागेस मिळावे, हेही उचितच झाले.

मूळ कोराकुएनची कथा ऐकण्यासारखी आहे. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने 1687 साली ते बांधावयास घेतले आणि 1700 साली ते पुरे झाले. 'कोराकुएन' हे नाव मात्र पुढे 1871 मध्ये दिले गेले. एका प्राचीन चिनी वचनावर ते आधारलेले आहे. प्रजेच्या आधी दुःख करावे आणि प्रजेच्या नंतर सुख भोगावे, असा त्या वचनाचा आशय. म्हणजे नावाचा अर्थ 'मागाहून सुख भोगण्याची बाग'. 1884 मध्ये ती सर्वसामान्यांसाठी खुली झाली, तेव्हा ते नाव खऱ्या अर्थाने सार्थ झाले असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडील बागेत शिरताच सारे काही एका दृष्टिक्षेपात दिसावे अशी अपेक्षा असते: मधोमध कारंजे, दोहो बाजूंस फुलांचे ताटवे. जपानी पद्धतीच्या बागेत तसे होत नाही. वाट वळते, उंचवटा आड येतो, पाणी दिसते न दिसते तोच झाडीमागे जाते. लहानशा पुलावर उभे राहावे तर हिरवळीचा नवाच विस्तार समोर येतो. बाग एका जागी उभी राहून पाहावयाची नसून चालत चालत उलगडावयाची असते. तीत फुलांपेक्षा दगडांना मान अधिक, आणि दगडांपेक्षाही रिकाम्या जागेला.

या बागांच्या रचनेत एक तत्त्व आहे. मराठीत त्यास 'उसना देखावा' म्हणता येईल. कुंपणाबाहेरची टेकडी, दूरचे झाड, एखादा बुरूज यांना झाडीच्या चौकटीत असे बसवावयाचे, की तेही बागेचेच वाटावेत. कोराकुएनने मिसाओ टेकडी आणि ओकायामाचा काळा किल्ला असाच उसना घेतला आहे. पुण्याच्या बागेतून पर्वतीची टेकडी नजरेत आली, तेव्हा आम्ही बराच वेळ तेथेच उभे राहिलो. जे आपल्या मालकीचे नाही, जे आपण बांधले नाही आणि हलवूही शकत नाही, त्यास जागा देण्यासाठी स्वतःच्या अंगणात मोकळीक ठेवावयाची, हा विचार आम्हांस फार मोठा वाटला. छायाचित्रकारही दुसरे काय करतो? चौकटीत काय घ्यावे याहून काय गाळावे, यातच त्याचे कसब.

कोराकुएनविषयी आणखी एक गोष्ट प्रत्येक छायाचित्रकाराने ध्यानी ठेवावी. 1934 च्या महापुराने आणि 1945 च्या बॉम्बहल्ल्याने त्या बागेची अपरिमित हानी झाली. ती पुन्हा पूर्वीसारखी उभी करता आली, कारण जुन्या काळी कोणी तरी तिची चित्रे व आराखडे काढून ठेवले होते. त्या चित्रकारांना पुढे येणाऱ्या संकटाची कल्पना कोठून असणार? समोर होते ते त्यांनी निष्ठेने रेखाटले, इतकेच.

जपान आम्हां वर्धा जिल्ह्यातील लोकांस तसा परका नाही. निचिदात्सु फुजी गुरुजी 1933 साली वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचा जपानी मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आजही म्हटला जातो, आणि त्याच पंथाने उभारलेला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप 1993 पासून वर्ध्यात गीताई मंदिराशेजारी उभा आहे. आमच्या वाचकांना तर वसईच्या गोन्सालो गार्सियांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. 1597 साली नागासाकीच्या टेकडीवर त्यांनी प्राण अर्पण केले.

पुण्याहून परतल्यावर आठवडाभरातच आम्ही समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर गेलो. डिसेंबरचे दिवस. टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही तेथे नवस फेडावयास येतात. या टेकडीवर गोल गोल गोटे सापडतात. भूशास्त्रज्ञ सांगतात, की हे झिओलाइट नावाचे खनिज. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाझरत्या पाण्यातील द्रव्यांनी त्या भरून काढल्या. लोककथा निराळे सांगते. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली. तेव्हा त्यांचा नारळ वगैरे सारा माल दगड झाला. ते शरण आले, तसा बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल निर्माण करून दिला. व्यापारी मात्र तो घेऊन निघून गेले नाहीत. जन्मभर तेथेच सेवेत राहिले.

त्यांतील एका गोट्याचे चित्र आम्ही काढले. चित्रात तो नुसता गोटा दिसतो. ना त्यात लाव्हारस दिसतो, ना नारळ. जपानी माळी दगड मांडून त्यात पर्वत पाहतो, गिरडचा भाविक दगड उचलून त्यात क्षमेची गोष्ट पाहतो. एकाच्या दगडामागे योजना आहे, दुसऱ्याच्या दगडामागे श्रद्धा. परंतु दगडापाशी थांबण्याची तयारी दोघांजवळही आहे. टेकडीवरून खाली पाहिले, तर फुटलेल्या कपाशीची आणि तुरीची शेते पसरलेली. येथे कोणी कुंपण घातले नव्हते. सारा मुलूखच उसना देखावा होता.

हे सारे सांगावयाचे कारण निराळेच आहे. आमच्या ख्रिस्तमंदिराच्या आवारात पूर्वेस दोन कडुनिंब आहेत, त्यांच्याखाली दगडी पार आणि पलीकडे बुटक्या भिंतीमागे शेते. धर्मग्राम मंडळापुढे असा प्रस्ताव होता, की सारे आवार गट्टूंनी फरसबंद करावे आणि पाराच्या जागी वाहनांसाठी टिनाची शेड घालावी. प्रस्ताव मांडणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पावसाळ्यात चिखल होतो, वृद्ध घसरतात, लग्नाच्या दिवशी गाड्या लावावयास जागा उरत नाही. हे सर्व आम्ही डोळ्यांनी पाहत होतो.

आम्ही भाषण केले नाही. मंदिराच्या दारात एकाच जागी उभे राहून निरनिराळ्या वेळी काढलेली बारा चित्रे बैठकीत ठेवली. पहाटेचे धुके, माध्यान्हीची सावली, पावसाने काळा झालेला पार, आणि प्रत्येक चित्रात दोन झाडांच्या मधून दिसणारी ती शेते. एका चित्रात पारावर एकटीच बसलेली एक आजीबाई होती. काढताना तिची परवानगी विचारली, तेव्हा ती म्हणाली होती, "फादर, देवळात गेल्यावर मी देवाशी बोलतो, पण का बोलाचं ते इथंच बसून ठरवतो."

चर्चा लांबली. कोणी म्हणाले, चित्रांनी चिखल सुकत नाही. तेही खरेच होते. अखेर ठरले ते असे: फाटकापासून दारापर्यंत रुंद वाट फरसबंद करावी, म्हणजे वृद्धांची सोय होईल, गाड्या उत्तरेच्या भिंतीलगत लावाव्यात, पूर्वेची बाजू मोकळी राहू द्यावी. एक-दोघांचे समाधान झाले नाही. लग्नसराईत त्यांची तक्रार पुन्हा येईल आणि ती आम्हांस ऐकून घ्यावी लागेल.

आमची बदली केव्हा तरी होईलच. पुढील धर्मगुरूंच्या काळी काय घडेल, हे कोणी सांगावे? वादळाने एखादा कडुनिंब पडेल, शेताच्या जागी इमारती येतील. म्हणून ती बारा चित्रे कागदावर छापून घेतली आहेत. प्रत्येकाच्या मागे तारीख आहे, आणि दारापासून पाराचे व झाडांचे अंतर पावलांत मोजून लिहिले आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ज्या कपाटात असतात, त्याच कपाटात खालच्या खणात ती ठेवली आहेत.