मिरजेला गाडी बदलून

१९७४ साली लग्न होऊन मी बंगळूरला आले, तेव्हा मिरजेला मोठी गाडी सोडून मीटरगेजच्या गाडीत बसावं लागे. ट्रंकेत गोडा मसाला, आमसुलं आणि आईनं दिलेला मेतकुटाचा डबा. यजमान जालहळ्ळीच्या एचएमटी घड्याळ कारखान्यात होते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ साली सुरू झालेला हा कारखाना. एचएमटी, बीईएल, वालचंद हिराचंदांनी १९४० साली उभं केलेलं हिंदुस्थान एअरक्राफ्ट, अशा कारखान्यांनी देशभरातून माणसं इथं आणली. त्यातलेच आम्ही.

बिऱ्हाड मल्लेश्वरमला. घरमालकांच्या आईला आम्ही अज्जी म्हणायचो. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कन्नड. सकाळी सोप्पूवाली, म्हणजे पालेभाजीवाली, दारात टोपली उतरवायची, की अज्जी मला हाताला धरून खाली बसवत. एकेक जुडी उचलून नाकाशी धरत. मेंत्य सोप्पू म्हणजे मेथी, सब्बसिगे म्हणजे शेपू. मग भाव मला करायला लावत, आणि मी चुकले की दोघी मिळून हसत. पहिल्या बाळंतपणात माझी आई येईपर्यंत अंघोळीचं पाणी अज्जींनीच तापवलं. घराजवळच्या काडू मल्लेश्वराला शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजांनी १६६९ साली गाव इनाम दिलं होतं, हे मला कळलं तेही त्यांच्याबरोबर देवळात गेल्यावर. त्या दिवशी हे गाव मला पहिल्यांदा आपलं वाटलं.

घड्याळाचा कारखाना २०१६ साली बंद झाला. त्याआधीच, २०१४ पासून, मेट्रो पीण्याहून मल्लेश्वरमच्या तोंडाशी येऊ लागली होती. आता पुण्या-नागपूरची मुलं विमानानं येतात, व्हाइटफील्डकडे राहतात. बाकरवडीपासून ज्वारीच्या पिठापर्यंत सगळं फोनवर मागवतात, रोज आईचं तोंड बघतात. मी ट्रंककॉल लावून तासन्‌तास ताटकळलेली आहे. या सुखाचं मोल मला कळतं, आणि ते त्यांना मिळालं याचा आनंदच आहे.

पण शेजारी कोण राहतं, हे त्यांना ठाऊक नसतं. कचेरीत इंग्रजी, रिक्षात हिंदी, घरात मराठी. कन्नडची गरजच पडत नाही. दोष पोरांचा नाही. आम्हाला कारखान्यानं निवृत्तीपर्यंतची नोकरी दिली होती, म्हणून मुळं धरायला अवकाश मिळाला. यांना पुढच्या वर्षी कुठल्या शहरात असू, याचाच भरवसा नाही. अशा वेळी लिपी गिरवायला कोण बसणार? तरीही मला राहवत नाही. ओळखीतली नागपूरची एक मुलगी चार वर्षं इथं आहे. तिला मी शनिवारी घरी बोलावून कन्नड शिकवते. परवा तिनं शेजारच्या आजींना ‘ऊटा आयता?’, जेवलात का, असं विचारलं. जेवण झालं होतं, तरी त्यांनी तिला आत बोलावून ताट वाढलं.