भाऊ घरी आला

धाकट्या भावाला तो आठ वर्षांचा असताना आम्ही दुसऱ्या जिल्ह्यातील निवासी शाळेत ठेवले होते. तेव्हा अशा मुलांना मतिमंद म्हणत. आता कागदावर बौद्धिक अक्षम लिहितात, ते बरेच झाले. वडील लासूर स्टेशनच्या मार्केट यार्डात हमाल, आई निंदणी-खुरपणीला. दिवसा त्याच्याकडे कोण बघणार? पोराला टाकून दिले असे कोणी बोलले की आई आजही डोळ्याला पदर लावते. टाकले नव्हते, इलाज नव्हता.

२०१० साली शहापूर तालुक्यातील कवडास येथे अशा मुलांच्या बालगृहात झालेल्या हालांची बातमी आली. मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातील अशा बालगृहांच्या तपासणीसाठी समिती नेमली. वडिलांनी यार्डातून पेपर आणला, मी वाचून दाखवला. आई एवढेच म्हणाली, "उद्याच्या गाडीनं जा अन् लेकराला घेऊन या."

त्याच्या शाळेत मारझोड दिसली नाही, हे खरे ते सांगते. पण चौदा वर्षांचा पोरगा दुसरी भाकरी मागायचे विसरला होता. पुढ्यात येईल ते घाईघाईने खायचा आणि अर्धी भाकर उशीखाली ठेवायचा. ती सवय जायला दोन वर्षे लागली.

घरी आल्यावर सगळे गोड झाले असे नाही. एकदा तो पॅसेंजरमध्ये चढला आणि पोटूळला उतरला. तिथल्या एका चहावाल्याने त्याला बसवून ठेवले म्हणून सापडला. तेव्हापासून आई त्याच्या प्रत्येक शर्टाच्या आत फोन नंबर शिवते. वस्तीचेही लक्ष असते. रुळाकडे निघाला की कोणीतरी हाक मारतेच. विहारात सतरंज्या आता तोच घालतो, दुसऱ्या कोणी घातलेल्या त्याला चालत नाहीत.

अठरा पूर्ण झाली की आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे आम्हाला ठाऊक नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे त्यासाठी कलेक्टरसाहेबांच्या जिल्हा समितीकडे अर्ज करावा लागतो. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी हे विसरू नये. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा माणसांना समाजात राहण्याचा हक्कही दिला. पण आमच्या घरी तो समाज म्हणजे दिवसभर एकटी आई. तिची कंबर गेली आहे, मी सासरी. सरकार म्हणते घरी सांभाळा. सांभाळतो, पण चार तास तरी कोणी हात द्यावा की नाही? अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची. आमचा पोरगा आता दाढी करतो.

वस्तीत अशी आणखी दोन मुले आहेत. त्यातली एक पोरगी तर दाराबाहेर दिसतच नाही. विहारामागची खोली रविवार सोडून रिकामी असते. दुपारी तिघांना तिथे बसवावे, आयांनी पाळीपाळीने थांबावे, असे मी माहेरी आले तेव्हा कमिटीपुढे मांडले. दोन्ही आया तयार आहेत. पंखा आम्ही देणार आहोत. आता चावी कोणाकडे राहील, एवढ्यावर अडले आहे.