कंठ फुटला की...



चौविहारामुळे आमचं स्वयंपाकघर दिवेलागणीआधीच आवरलेलं असतं. मग तासभर माझा. हल्ली त्या वेळात मी व्हिएन्नाच्या मुलांचं गाणं ऐकते. ‘व्हिएन्ना बॉइज क्वायर’ म्हणजे साधारण दहा ते चौदा वर्षांची, खलाशांच्या पोशाखातली मुलं. १४९८ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियनने दरबारी प्रार्थनेसाठी गायक मुलं ठेवली, तिथून ही परंपरा. तेव्हा चर्चमध्ये बायकांनी गायचं नसे, म्हणून वरचे सूर मुलांनी लावायचे. आज सुमारे शंभर मुलं आहेत. त्यांचे चार गट जगभर दौरे करतात आणि रविवारी जुन्या राजवाड्यातल्या चर्चमध्ये गातात.

लॅटिन मला ओ की ठो कळत नाही. पण प्रतिक्रमणातली प्राकृत सूत्रं तरी सगळी कुठे कळतात? मन शांत होतं ते होतंच. ना हरकत, ना मुरकी, नुसता सरळ, स्वच्छ सूर. इतकी मुलं गातात, पण कुणाचाच ‘मी’ पुढे येत नाही. आणि तेच गळे ऑस्ट्रियाची डोंगरातली लोकगीतं गाऊ लागले की शाळा सुटल्यासारखे हुंदडतात!

मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे घसारा डोक्यात येतोच. चार-पाच वर्षं मेहनतीने कमावलेला आवाज वयात येताच जायचा. आपली अनित्य भावना हीच की.

माझा नातू पर्युषणात पाठशाळेकडून स्तवन म्हणायचा. यंदा मध्येच आवाज फाटला, मुलं हसली. तेव्हापासून तो गप्प.

त्याला शूबर्टची गोष्ट सांगितली. मोठा संगीतकार, पण लहानपणी याच दरबारी चर्चमध्ये गायचा. १८१२ मध्ये, पंधराव्या वर्षी त्याचा आवाज फुटला. त्याने गाण्याच्या कागदावर तारीख घालून गमतीने लिहून ठेवलं, की शूबर्ट आज शेवटचा आरवला! पुढे अवघ्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात त्याने सहाशेच्या वर गाणी रचली.

“आरवला? कोंबड्यासारखा?” नातू हसला.

मुलाचा आवाज बदलला की आपण ‘कंठ फुटला’ म्हणतो, आणि पाखरू गाऊ लागलं तरी तेच म्हणतो.

तो अजून गायलेला नाही. पण काल आंघोळ करताना खालच्या पट्टीत काहीतरी गुणगुणत होता. मी टॉवेल दाराच्या कडीला अडकवला आणि आवाज न करता मागे फिरले.