पाकिटावरील जातें

व्यापारी मालावरील चिन्ह हा विषय विद्वानांनीं चर्चावा इतका थोर नव्हे, अशी एक समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. ज्या खुणेनें एक वस्तु शंभरांतून ओळखतां येते, ती खूण म्हणजे त्या वस्तूचें नांवच होय. आणि नांवें कां व कशीं पडतात याची चिकित्सा यास्काचार्यांनीं निरुक्तांत केलेली वाचकांस ठाऊक आहेच.

आमच्या घरांत हा विषय निघाला तो मेतकुटामुळें. आमच्या वहिनी गेलीं तीस वर्षें मेतकूट व भाजणी करून विकतात. पाकिटावर त्यांनीं स्वतः काढलेलें जात्याचें तांबडें चित्र असतें. चित्र या दृष्टीनें तें बेताचेंच. आतां कारभार सूनबाईंकडे आला आहे. त्यांनीं एका तरुण चित्रकाराकडून नवें चिन्ह करविलें: पांढरी पार्श्वभूमि, हिरवीं सुबक अक्षरें, आणि जात्यास रजा. घरांत मतें मागविलीं, तों माणसें तितकीं मतें! कोणास हिरवा रंग औषधी वाटला, कोणास अक्षरांचें वळण रुचलें नाहीं. वहिनी "छान आहे" एवढेंच म्हणाल्या आणि आंत गेल्या. त्या दोन शब्दांचा अर्थ सर्वांस कळला.

"कसें वाटतें?" हा प्रश्नच सदोष आहे, असें आमचें मत आहे. पस्तीस वर्षें निबंध तपासतांना आम्हीं पाहिलें कीं, "निबंध आवडला नाहीं" या शेऱ्यानें कोणाचें लेखन सुधारत नाहीं; "या वाक्यांत कर्ता कोण तें कळत नाहीं" या शेऱ्यानें सुधारतें. वाचणारा नेमका कोठें अडखळला, हें लिहिणारास समजलें पाहिजे.

अमेरिकेंत २००९ सालीं याचें मोठें उदाहरण घडलें. ट्रॉपिकाना नांवाच्या रसाच्या खोक्यावर नळी खुपसलेलें संत्रें असे. जानेवारींत तें काढून तेथें रसाचा पेला घातला, अक्षरेंहि बदललीं. आजवर फळ दाखविलें, रस कधीं दाखविलाच नाहीं, अशी त्यामागील विचारसरणी होती. तर्क बिनतोड! परंतु गिऱ्हाइकांनीं कळविलें कीं, हें खोकें कोणत्याहि स्वस्त मालासारखें दिसतें. दोन महिन्यांच्या आंत विक्री सुमारें २० टक्क्यांनीं उतरली, आणि फेब्रुवारींतच जुनें संत्रें परत आणण्याचें ठरलें. संत्र्याच्या आकाराचें नवें झाकण मात्र दुसऱ्या एका रसाकरितां राखून ठेवलें. ही गोष्ट आम्हांस विशेष आवडली. ओरड सरसकट होती, तरी ऐकणारानें निवड केली.

आम्हीं सूनबाईंस म्हटलें, "मतें पुरे झालीं. चार पाकिटें दुकानांत ठेवा आणि कोण काय करतें तें पाहा." "बरें काका," असें म्हणून त्यांनीं तसें केलें. पहिल्याच दिवशीं, नेहमीं मेतकूट नेणाऱ्या एक बाई आल्या. त्यांस अक्षरओळख नाहीं. नव्या पाकिटांसमोर उभें राहून त्यांनीं "मेतकूट संपलें का?" असें विचारलें आणि त्या माघारीं वळल्या. उलट एका वृद्ध गृहस्थांस वजन व तारीख प्रथमच चष्म्यावांचून वाचतां आली. चित्रकार तेथेंच होता. माणूस भला, त्यानें वाद घातला नाहीं, दोन्ही गोष्टी टिपून घेतल्या.

पुढच्या नमुन्यांत जातें परत आलें, अक्षरें हिरवींच राहिलीं. मूळ चित्रांतील वांकडा खुंटा त्यानें सरळ केला होता. तें पाहून वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, आपल्या जात्याचा खुंटा वांकडाच होता. मामंजींनीं बाभळीचा बसविला होता ना!" पंधरा दिवसांत त्या चिन्हाविषयीं प्रथमच इतकें बोलल्या. चित्रकारानें तेथल्या तेथें पेन्सिलीनें खुंटा वांकविला. दिवाळीचीं पाकिटें आतां त्याच रूपांत छापावयास गेलीं आहेत.