त्रिकोणावरचा विश्वास

मोबाइल ॲपच्या स्क्रीन आखणं हे माझं पोटापाण्याचं काम. ऑफिसात रंगांवरून भांडणं होतात, पण ती तासाभरात मिटतात. ‘मागे’ जाण्यावरून झालेली भांडणं मात्र आठवडाभर चालतात.

कारण माणसाला मागे नेणं कुणाचं काम, यावरच एकमत नाही. ॲपलने 2007 साली पहिला आयफोन आणला तेव्हा समोर एकच बटण होतं, होमचं. मागे जायची सोय ज्या त्या ॲपने आपल्या स्क्रीनवर करायची, बहुधा डावीकडे वरच्या कोपऱ्यात. 2008 च्या पहिल्या अँड्रॉइड फोनला मात्र ‘मागे’चं वेगळं, खरंखुरं दाबायचं बटण होतं. पुढे ते काचेवर आलं. अँड्रॉइड 10 पासून तर डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट आत सरकवलं तरी चालतं. पण मालकी फोनचीच राहिली. (सॅमसंगवर ते बटण उजवीकडे आणि पिक्सेलवर डावीकडे का, हा एक वेगळाच वैताग!)

माझी आई अँड्रॉइडवर शिकली. तिचा नियम एकच: काहीही उघडायचं, घाबरायचं नाही, नको ते आलं तर खालचा त्रिकोण दाबायचा. त्या त्रिकोणाच्या जिवावर तिने लाइटबिल भरलं, रेल्वेची तिकिटं काढली, भिशीचा हिशोब ठेवला. मी शेजारी बसून शिकवलं असतं तर इतकं शिकली नसती.

मग एका ॲपमध्ये ती विम्याचा फॉर्म भरत होती. चौथ्या पानावर जन्मतारीख तपासावीशी वाटली म्हणून तिने त्रिकोण दाबला. ॲपच बंद. पुन्हा उघडलं तर पहिलं पान, कोरं.

मी नंतर ते ॲप पाहिलं. वरच्या कोपऱ्यात बारीक बाण होता, तो नीट एकेक पान मागे नेत होता. आखणी आयफोन डोळ्यांपुढे ठेवून केलेली आणि तशीच्या तशी अँड्रॉइडवर आणलेली. फोनच्या ‘मागे’ला काय उत्तर द्यायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

‘दोन्हीकडे सारखंच दिसू दे’ हा आग्रह आमच्याकडेही असतो. खर्च वाचतो, ब्रँड जपला जातो. मला तो पटत नाही. आपलं ॲप माणूस पाच मिनिटं उघडतो. हाताला वळण लागतं ते दिवसभरच्या फोनचं. पाहुण्याने घरात शिरताना चपला कुठे काढतात ते बघावं की नाही?

आई अजून सगळं करते. फक्त पैशाचं काही असलं की आधी मला फोन लावून स्पीकरवर ठेवते. रक्कम, नाव, पिन सगळं तिचं तीच भरते. मध्येच थांबून विचारते, “अगं, इथून मागे आले तर जाणार नाही ना सगळं?”