फ्लोरिडातली आफ्रिका, सकाळी आठ वाजता

वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उभारले, तेव्हा तिथल्या जंगलातील नौकाविहारात खरेखुरे प्राणी असावेत, अशी त्यांची फार इच्छा होती. जाणकारांनी मात्र त्यांना सावध केले. जिवंत प्राणी दिवसा झोपा काढतील, नाही तर झाडीत दडून बसतील. तिकीट काढून आलेल्या माणसाला काहीच दिसणार नाही. अखेर तिथे यंत्रावर कान हलवणारे हत्ती आणि जबडा उघडणारे पाणघोडे बसवण्यात आले.

खरे प्राणी आणण्यास त्यांच्या कंपनीला आणखी ४३ वर्षे लागली. २२ एप्रिल १९९८ रोजी, वसुंधरा दिनाच्या मुहूर्तावर, फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ ‘डिस्नेज ॲनिमल किंगडम’ हे उद्यान सुरू झाले. तोपर्यंत वॉल्ट डिस्ने यांना जाऊन ३१ वर्षे झाली होती. जाणकारांनी सांगितलेली अडचण मात्र तशीच होती आणि आजही आहे. प्राणी आपल्या सोयीने जागे राहत नाहीत. त्यांना पाहायचे आणि कॅमेऱ्यात टिपायचे, तर माणसानेच लवकर उठायला हवे.

ऑर्लँडो साधारण दिल्लीच्याच अक्षांशावर येते. उन्हाळ्यात ऊन कडक, त्यात समुद्राकाठचा दमटपणा. सूर्य वर चढला की सिंह खडकाच्या आडोशाला अंग टाकतो, चित्ता सावली शोधतो. सकाळची गोष्ट वेगळी असते. बहुतेक प्राणी रात्री निवाऱ्यात असतात आणि पहाटेनंतर त्यांना मोकळे सोडले जाते. बाहेर पडताच ते माळ हुंगतात, चरतात, एकमेकांच्या खोड्या काढतात. कॅमेरा घेऊन येणारे या पहिल्या तासावरच डोळा ठेवून असतात.

उद्यानाचे दरवाजे बहुतेक दिवशी सकाळी आठच्या सुमारास उघडतात. आत शिरताच बरीचशी गर्दी ‘अवतार’ चित्रपटावर आधारित पँडोरा विभागाकडे धावते. २०१७ पासून तो इथला मोठा आकर्षणबिंदू आहे. सफारीची हौस असलेले मात्र थेट आफ्रिका विभागाची वाट धरतात. तिथे ‘हरांबे’ नावाचे पूर्व आफ्रिकी गाव वसवलेले आहे. हरांबे हा स्वाहिली शब्द. ‘सगळे मिळून ओढू या’ असा त्याचा अर्थ, आणि केनियाचे ते बोधवाक्यही आहे. भिंतींचे पोपडे उडालेले, पाट्यांचे रंग विटलेले. अर्थात हे सारे मुद्दाम केलेले. गावाच्या टोकाला ‘किलिमांजारो सफारी’ची रांग लागते. प्रवेशाच्या तिकिटातच ही सफारी येते.

दोन्ही बाजूंनी उघडा ट्रक, चालक हाच वाटाड्या आणि जेमतेम वीस मिनिटांचा फेरा. सुरुवातीला दाट झाडी लागते. तिथे जिराफाचा नातलग असलेला लाजाळू ओकापी दिसला तर नशीब. पुढे पाणघोड्यांचा डोह आणि पुलाखाली निवांत पडलेल्या नाईल मगरी. मग एकदम मोकळा माळ समोर येतो. जिराफ, शहामृग, विल्डबीस्ट आणि लांबच लांब शिंगांची अंकोले गुरे. त्यानंतर हत्ती, फ्लेमिंगो, पांढरे गेंडे, चित्ते आणि उंच खडकावर सिंह. कधी एखादा जिराफ रस्त्यातच उभा राहतो. त्याच्यापुढे कुणाचे काही चालत नाही. तो हलेपर्यंत ट्रकने थांबायचे. छायाचित्रकारांना ही अडवणूक फार आवडते, कारण एरवी गाडी कुणाच्या फोटोसाठी फारशी रेंगाळत नाही.

रस्ता खडबडीत आहे. म्हणून शटरचा वेग जास्त ठेवावा. कोपर गाडीच्या दांड्यावर न टेकता अंगाशी घट्ट धरावे, नाही तर इंजिनाची थरथर फोटोत उतरते. शेवटची रांग मिळाली तर मागचे दृश्य मोकळे मिळते. फार मोठी लेन्स उपयोगाची नाही. जिराफ इतका जवळ येतो, की तिच्यात त्याचे नुसते नाक मावते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जमल्यास लगेच पुन्हा रांगेत उभे राहावे. त्याच वाटेवरच्या दुसऱ्या फेरीत निराळेच प्राणी पुढे येतात.

घरी परतल्यावर हे फोटो पाहणाऱ्याला ते थेट केनियातले वाटतात. आफ्रिकेतली मोठाली गोरखचिंचेची झाडे इथेही दिसतात, पण ती मानवनिर्मित आहेत. बाभळीसारखी छत्री धरून उभी असलेली कित्येक झाडे प्रत्यक्षात छाटून आकार दिलेले ओक आहेत. वारुळे सिमेंटची. रस्त्यावरच्या चाकोऱ्याही काँक्रीट ओले असतानाच उमटवलेल्या. सिंह आणि हरणे एकाच माळावर असल्यासारखी दिसतात, पण मध्ये नजरेआड खोल चर आहेत. सारा परिसर सुमारे ११० एकरांचा, म्हणजे दादरची चार शिवाजी पार्क मैदाने मावतील एवढाच. आपल्या ताडोबात जिप्सी तासन्‌तास फिरते आणि वाघ दिसेलच याची खात्री नसते. इथे दिसण्याची सोय आधीच करून ठेवलेली आहे.

मग ही नुसती सजावट म्हणायची का? या प्रश्नाची चर्चा उद्यान उघडण्याआधीच सुरू झाली होती. त्या काळात इथले अनेक प्राणी दगावले. चित्त्याची चार पिल्ले विषबाधेने गेली, दोन करकोचे गाड्यांखाली सापडले. अमेरिकेच्या कृषी खात्याने चौकशी केली. कायद्याचा भंग आढळला नाही, तरी जिवंत जनावर म्हणजे यंत्राचा हत्ती नव्हे, हा धडा सगळ्यांनाच मिळाला.

त्याची दुसरी बाजू गेंड्यांनी दाखवली. युगांडाच्या जंगलांतून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकारीमुळे गेंडा पार नाहीसा झाला होता. तिथल्या झीवा अभयारण्यात तो पुन्हा वसवण्याचे ठरले, तेव्हा २००६ मध्ये याच उद्यानातून पांढऱ्या गेंड्यांची एक जोडी विमानाने पाठवण्यात आली. त्यातली मादी नांदे. तिला २००९ मध्ये पिल्लू झाले. युगांडाच्या भूमीवर जवळजवळ तीस वर्षांत जन्मलेला तो पहिला गेंडा. बाप केनियाचा आणि आई अमेरिकेची, म्हणून त्याचे नाव ठेवले ओबामा!

उद्यानातली वंशवेलही वाढते आहे. २००५ मध्ये इथेच जन्मलेली हत्तीण नादिरा डिसेंबर २०२३ मध्ये आई झाली. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे बावीस महिन्यांचा. एवढी वाट पाहायला लावणारी गोष्ट वीस मिनिटांच्या सफारीत सहज समोर येऊन उभी राहते.

मुला-मुलींकडे अमेरिकेत गेलेले कितीतरी मराठी आई-वडील ऑर्लँडोची वारी करून येतात. त्यांनी सफारीनंतर आशिया विभागातही डोकवावे. तिथे ‘आनंदपूर’ नावाचे काल्पनिक राज्य आहे आणि राजाच्या पडक्या शिकारमहालात वाघ ऐटीत फिरताना दिसतात. महाल खोटा आणि राजाही खोटा, पण शिकारीच्या छंदापायी आपल्याकडचे वाघ कसे संपत गेले, हा इतिहास मात्र खरा आहे. नातवंडांना तो तिथेच, वाघ समोर असताना सांगावा. कॅमेऱ्यात फोटो येतीलच. पण ते पाहून एखाद्या मुलाने ‘खऱ्या जंगलात किती उरलेत?’ असे विचारले, तर पहाटे उठल्याचे चीज झाले म्हणायचे.