ईदच्या दुपारी समुद्र कुठे असतो?

बकरीदची नमाज, कुर्बानी, वाटे पोहोचवणे आणि दुपारचे जेवण एवढे आटोपले की आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांना एकच आठवते : समुद्र. पनवेल, मीरा रोडहून येणाऱ्यांना तर ईद आणि समुद्र हे एकाच सुट्टीचे दोन भाग वाटतात. त्यात त्यांचे काही चुकत नाही. रत्नागिरीत यायचे आणि पाण्याला पाय लावायचे नाहीत, हे कुणालाच जमणारे नाही.

पण गेली काही वर्षे मला या सवयीची धास्ती वाटते. २०२३ साली आपल्याकडे बकरीद २९ जूनला आली, २०२४ साली १७ जूनला, २०२५ साली ७ जूनला. तिन्ही वेळा १ जूनपासूनची मासेमारी बंदी लागू झालेली, मिरकरवाड्यात होड्या शाकारून ठेवलेल्या. ज्यांचे सगळे आयुष्य समुद्रावर गेले ते घरात बसून जाळी दुरुस्त करत होते, आणि आपले पाहुणे मात्र खडकावर उभे राहून फोटो काढत होते.

अशाच एका ईदला भाच्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. जगभरचे हौशी लोक फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होतात, त्यांच्यासाठी लाटांचा अंदाज देणारी ॲप असतात. त्यातलेच ते एक. कर्नाटकात मुळकी, केरळात वर्कला इथे हा खेळ चांगला रुजला आहे. ॲपवर रत्नागिरीचे नाव, पुढे दोन आकडे : २ मीटर, ९ सेकंद. "मामू, दोनच मीटर आहे, काही नाही होत!" असे म्हणून तो चपला घालायला लागला.

मी त्याला बसवले. हा दोन मीटरचा आकडा साधा नाही. लाटांची उंची सांगताना सर्वात मोठ्या लाटेची उंची सांगत नाहीत. आलेल्या सगळ्या लाटा उंचीप्रमाणे लावल्या तर त्यांतल्या वरच्या एक तृतीयांश लाटांची सरासरी म्हणजे हा आकडा. त्यामुळे "दोन मीटर" लिहिलेल्या दिवशी बहुतेक लाटा त्याहून लहानच दिसतात, आणि म्हणूनच माणूस फसतो. पण काही तासांत एखादी लाट जवळजवळ दुप्पट, म्हणजे साडेतीन-चार मीटरची येऊ शकते, आणि ती येण्याआधी कुणाला विचारत नाही. खडक दहा मिनिटे कोरडा राहिला म्हणून अकराव्या मिनिटालाही कोरडा राहील, असा हिशोब समुद्रात चालत नाही. शिवाय उंची दुप्पट झाली की लाटेतला जोर चौपट होतो.

दुसरा आकडा सेकंदांचा. एका लाटेमागून दुसरी किती वेळाने येते ते त्यावरून कळते. पाच-सहा सेकंदांच्या लाटा जवळपासच्या वाऱ्याने उठलेल्या, खळबळ जास्त पण अंगात जोर कमी. हा आकडा चौदा, सोळा, अठरा असा चढत गेला की समजावे, ही लाट फार दुरून आली आहे आणि तिच्यामागे पाण्याचा मोठा लोंढा आहे. अशी लाट लांबून सपाट दिसते आणि किनाऱ्याजवळ येऊन अचानक उभी राहते.

ती कुठे उभी राहणार, हे तळ ठरवतो. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की लाट फुटते. आमच्या भाट्याच्या पुळणीवर तळ वाळूचा आणि उतार मंद, त्यामुळे लाट लांबूनच फुटायला लागते आणि पायाशी येईपर्यंत बरीचशी दमलेली असते. खडकाचे तसे नाही. रत्नदुर्गाच्या पायथ्याशी, मिऱ्याच्या टोकाला, आरे-वारेच्या मधल्या डोंगराखाली काळा कातळ पाण्यात उतरला आहे. तिथे खोल पाणी एकदम उथळ होते. लाटेला दमायला जागाच मिळत नाही. सगळा जोर घेऊन ती एका जागी कोसळते. फळीवाल्यांना अशीच जागा हवी असते, कारण तिथली लाट रेखीव फुटते. पण त्यांना पोहता येते, पायाला दोरीने फळी बांधलेली असते आणि खडक कुठे आहे ते त्यांनी आधी पाहून ठेवलेले असते. नव्या कुर्त्यात आणि चपलांत खडकावर चढलेल्या पोराकडे यातले काहीच नसते.

आता या आकड्यांत एक गोष्ट आणखी मिळवावी लागते. ती ॲपशिवायही आपल्या घरात असते. भिंतीवरच्या कॅलेंडरातली चांदाची तारीख.

कोकणात जुन्या लोकांचा हिशोब आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा; सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. आपला महिना चांद दिसल्यापासून सुरू होतो, आणि चांद दिसतो तोवर अमावास्या उलटून गेलेली असते. म्हणून चांदाच्या तारखेत एक मिळवायचा, मग पाऊणपट करायची. बेरीज पंधराच्या वर गेली तर आधी पंधरा वजा करायचे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. रत्नागिरीची भरती मुंबईच्या थोडी आधी येते, हेही ध्यानात ठेवायचे. नेमकी वेळ हवी तर बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. घरातून निघायचे की नाही एवढे ठरवायला मात्र हा तोंडी हिशोब पुरतो.

बकरीद कोणत्याही ऋतूत येवो, ती दहा चांदालाच येते. दहात एक मिळवून अकरा, त्याची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे ईदच्या दिवशी सकाळी आठच्या आसपास भरती, दुपारी दोनच्या आसपास ओहोटी, आणि पुन्हा रात्री आठच्या आसपास भरती. आता आपला दिवस या शेजारी ठेवून पाहा. दुपारी जेवताना समुद्र सर्वात लांब गेलेला असतो, खडक उघडे पडलेले असतात. अस्र पढून लोक निघतात तेव्हा पाणी वळलेले असते. भरती सगळा वेळ एकाच वेगाने चढत नाही; सुरुवातीला हळू, शेवटी हळू आणि मधल्या दोन तासांत सर्वात वेगाने चढते. हे मधले दोन तास म्हणजे चार ते सहा. नेमकी तीच वेळ आपण खडकावर सतरंजी टाकून बसण्याची. येताना ज्या वाटेने उड्या मारत आलो ती वाट मगरिबच्या आधीच पाण्याखाली गेलेली असते. बासी ईदला हेच सगळे पाऊण तास उशिरा, आणि पुढे चौदा-पंधरा चांदापर्यंत रोज थोडे अधिक, कारण पौर्णिमेचे उधाण जवळ येत असते.

रमजान ईदचा हिशोब वेगळा. पहिला चांद, एक मिळवून दोन, पाऊणपट दीड. शिरखुर्मा आणि जेवण होईपर्यंत दीडच्या सुमारास भरती, तीही अमावास्येच्या उधाणाची. त्या दिवशी निदान समुद्र आपण जाताना समोर उभा असतो, फसवत नाही.

खडकावरची कालवे काढणाऱ्या बायका हे सगळे पाठ्यपुस्तकाशिवाय जाणतात. पाणी सुकले की त्या उतरतात आणि पाणी वळले की टोपली अर्धी असली तरी उठतात. त्यांच्याकडे पाहून उठणारा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही.

मौसम हा शब्दच अरबी. जहाजे निघण्याचा ठरलेला काळ, हा त्याचा दर्यावर्दी लोकांमधला अर्थ. पंधराव्या शतकात अहमद इब्न माजिद याने नौकानयनावर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात कोणत्या बंदरातून कधी निघावे आणि कधी निघू नये याच्या तारखा आहेत. अरबी समुद्रातले नावाडी जूनपासूनचा काळ बंद समुद्राचा समजत. आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत मुंबई-रत्नागिरी आगबोटही पावसाळ्यात बंद असे. समुद्राला सुट्टी द्यायची ही पद्धत आपणच मोडली.

आता ढग, वारा, पाऊस दिसत असेल तर माणूस निदान बिचकतो. खरा घोळ निरभ्र आभाळाचा. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या 'इन्कॉइस' या केंद्रीय संस्थेने पश्चिम किनाऱ्याला इशारा दिला होता. ४ आणि ५ मेला उंच लाटा येणार होत्या आणि त्यात आपला किनाराही होता. इथे वारा नाही, वादळ नाही. वादळ झाले होते एप्रिलच्या शेवटी, हिंदी महासागराच्या पार दक्षिण टोकाला, हजारो किलोमीटरवर. तिथून निघालेल्या लाटा आठवडाभर प्रवास करून आपल्या दारात आल्या. इशाऱ्यात उंची सांगितली होती अवघी अर्धा ते दीड मीटर. भाच्याने ती वाचली असती तर तो हसलाच असता. पण सेकंदांचा आकडा मोठा होता. केरळात अशा समुद्राला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. त्याच दिवसांत, ६ मेला, कन्याकुमारी जिल्ह्यात किनाऱ्यावर गेलेले वैद्यकीय शाखेचे पाच विद्यार्थी बुडाले.

वादळाचा तडाखा तर रत्नागिरीने अंगावर घेतलेला आहे. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान ऐन मासेमारीच्या हंगामात आले. त्या दिवशी बाहेर असलेल्या होड्यांपैकी साऱ्या परतल्या नाहीत, आणि आजही आमच्या वस्त्यांत तारीख सांगताना लोक "फयानच्या आधी, फयानच्या नंतर" असे म्हणतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचे जहाज मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन आदळले. खलाशी वाचले, अल्हम्दुलिल्लाह. जहाज मात्र पुढे काही वर्षे तिथेच गंजत पडले होते आणि लोक त्याच्यासमोर फोटो काढायला यायचे. एवढे लोखंड ज्या पाण्याने उचलून भिंतीवर टाकले, त्याच्याकडे पाठ करून.

आणि आरे-वारे. रस्ता डोंगराच्या कडेने जातो, खाली दोन पुळणी, वरून पाहिले की डोळे निवतात. जुलै २०२५ मध्ये तिथे एकाच कुटुंबातले चौघे बुडाले. आपल्याच समाजातले. तपशील सांगत नाही, त्यांच्या घरचे हे अंक वाचत असतील. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

वाळूच्या किनाऱ्यावर लाटेपेक्षा ओढीची भीती जास्त. लाटांनी वर आणलेले पाणी कुठून तरी परत जायचेच. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून नदीसारखे बाहेर धावते. तो पट्टा कसा ओळखावा? दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्ये पाणी शांत, जरा गढूळ दिसते. अनोळखी माणूस तीच जागा मुलांसाठी निवडतो. ओढीत सापडले तर किनाऱ्याकडे सरळ पोहत येण्याची धडपड करू नये, त्यात दम संपतो. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर सरकावे, ओढ सुटली की मग लाटांबरोबर आत यावे. काठावरच्याने मागोमाग उडी मारू नये. रिकामा कॅन, दोरी, ओढणी, जे हाती लागेल ते फेकावे आणि ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ लावावा. वाचवायला गेलेले बुडतात, हे दरवर्षी घडते.

मग रत्नागिरीचा समुद्र पाहायचाच नाही का? असे कोण म्हणेल! डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीवरून मतलई वारे सुटतात, लाटांच्या पाठी गुळगुळीत होतात आणि फजरनंतर मांडवीच्या जेट्टीवर उभे राहिले तर पाणी काचेसारखे असते. दुपारनंतर खारे वारे आले की ते विस्कटते. पावसाळ्यात समुद्र वरूनच पाहावा : रत्नदुर्गाच्या दीपगृहाकडून, नाहीतर थिबा पॉइंटवरून भाट्याच्या खाडीच्या तोंडावर फुटणाऱ्या पांढऱ्या रांगा. राजिवड्याच्या होड्या हंगामात त्याच तोंडातून ये-जा करतात, हे वरून पाहिल्याशिवाय पटत नाही. एका नजरेत पांढऱ्या समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंतचे वेगवेगळे फुटणे दिसते.

बकरीद आता दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत मे महिन्यात शिरते आहे. पाऊस नसेल, आभाळ कोरडे असेल, आणि दक्षिणेकडून चोरपावलांनी येणाऱ्या लाटांचे हेच दिवस. भाच्याचा फोन येतो तेव्हा तो हल्ली उंची सांगत नाही, आधी सेकंद सांगतो. मग विचारतो, "मामू, जेवण बाराला उरकता येईल का?" बाराला जेवण, दीडला भाट्ये, वाळूवरच, आणि चारच्या आधी सगळे परत सुरूच्या झाडांत. बहीण म्हणते, ईदच्या दिवशी बाराला कुणाचे जेवण होते का! तेवढाच प्रश्न अजून सुटलेला नाही.